दानपेटीची किल्ली

माझे मामा महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, संभाजीनगरला खंडपीठात वकिली करते. मामांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ताई देवळात जाते, पण रांग दिसली की कळसाला नमस्कार करून परत फिरते. बापलेकीचं एरवी उत्तम जमतं. फक्त सरकारने देवाधर्माच्या कारभारात किती पडावं, हा विषय निघाला की जेवणं गार होतात.

आणि आमच्या जिल्ह्यात तो निघतोच. शिर्डीचं संस्थान विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर चालतं. शिंगणापूरसाठीही तसाच कायदा झालाय. मढीच्या यात्रेत दुकान कुणी लावायचं यावर ग्रामसभा ठराव करते. खुद्द जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. मामा अर्जावर ते बिनचूक लिहितात, तोंडाने मात्र नगरच म्हणतात.

२०२५ च्या दिवाळीत सगळे जमलो होतो. महिनाभरापूर्वीच सरकारने शिंगणापूरच्या शनैश्वर देवस्थानाचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रशासक म्हणून सोपवला होता. सुरुवात ताईनेच केली.

“अण्णा, एक कलेक्टर. त्याच्याकडे टंचाई, निवडणूक, भूसंपादन, रेशन. आता शनीला वाहिलेलं तेलही त्याच्याच टेबलावर?”

“आधी कुणाच्या टेबलावर होतं?” मामा म्हणाले. “विश्वस्त व्हायचं तर शिंगणापूरचाच रहिवासी पाहिजे, असा तिथला दंडक. देशभरातून माणूस येणार, पैसे टाकणार, आणि हिशेब गावातल्या चार घरांत. बनावट ॲप काढून पूजेचे पैसे परस्पर उकळल्याचा गुन्हा याच वर्षी नोंदवला गेला ना? ज्या गावात घरांना दारं नाहीत म्हणून आपण पाहुण्यांना कौतुकाने घेऊन जातो, तिथं. कायदा २०१८ लाच झाला होता. अंमल करायला सात वर्षं लावली, एवढीच माझी तक्रार.”

“पैसे खाल्ले तर पोलीस आहेत, धर्मादाय आयुक्त आहेत. १९५० पासून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. देऊळ, चर्च, वाचनालय, सगळ्यांना एकच. हिशेब तपासा, चोराला पकडा. त्यासाठी सरकारने स्वतः पुजाऱ्याशेजारी पाट मांडून बसायचं कारण काय?”

“धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलल्याचा एक चेंज रिपोर्ट मंजूर व्हायला किती वर्षं लागतात, ते तुला माहीत आहे.”

ताईला ते चांगलंच माहीत आहे. तिची तीन पक्षकार मंडळी त्यातच अडकली आहेत. तिने मोर्चा दुसरीकडे वळवला.

“बरं, जूनमध्ये शिंगणापुरात १६७ कामगार काढले. त्यातले ११४ मुसलमान. देवस्थान म्हणालं, गैरहजेरी आणि बेशिस्त. पण त्याआधी हिंदुत्ववादी संघटनांनी मोर्चाचा इशारा दिला होता, हे सगळ्यांनी वाचलंय. ही माणसं अभिषेक करत नव्हती, शेतीत नि साफसफाईत होती. धर्म आणि सत्ता यांचं गूळपीठ जमलं की पहिली कुऱ्हाड मजुरावर पडते.”

मामांनी इथे लेकीला चीतपट केलं. मला ते अपेक्षित नव्हतं. “मग तूच सांग, ते कामगार उद्या तुझ्याकडे आले तर काय करशील? खासगी ट्रस्टने काढलंय. मूलभूत हक्क मोडला म्हणून ट्रस्टला थेट जाब विचारता येईल? तीच समिती सरकारने कायद्याने नेमलेली असती, तर धर्म बघून काढलं का, हा प्रश्न तू पहिल्याच तारखेला विचारला असतास. चौदा, पंधरा, सोळा ही कलमं सरकारला बांधतात. सरकार लांब ठेवलं की ती कलमंही लांब राहतात.”

“हे बरोबर आहे,” ताई म्हणाली. वकिलाच्या तोंडून हे तीन शब्द फुकट निघत नाहीत. “पण सरकारी समिती म्हणजे काय, ते शिर्डीने दाखवलंय. तेही ऐका.”

शिर्डीची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना अर्धीमुर्धी ठाऊक असते. साईबाबा १९१८ च्या दसऱ्याला गेले. हिंदू की मुसलमान, याचा पत्ता त्यांनी शेवटपर्यंत कुणाला लागू दिला नाही. राहायचे मशिदीत, आणि त्या मशिदीचं नाव द्वारकामाई. असल्या माणसाच्या मागे कारभार उभा करायचा तर कोर्टाचीच पायरी चढावी लागणार. १९२२ मध्ये नगरच्या जिल्हा न्यायालयातून योजना मंजूर झाली. पुढे २००४ मध्ये विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला आणि व्यवस्थापन समिती नेमायचा अधिकार राज्य सरकारच्या हाती आला. तेव्हापासून मुंबईत सत्ता बदलली की शिर्डीत इच्छुकांची वर्दळ सुरू होते. महामंडळ हुकलं त्याला संस्थान, असा हिशेब. या मंडळींना देव नको असतो, देवस्थान हवं असतं. हे माझं मत, पण मामाही ते खोडत नाहीत.

“२०२१ ला समिती नेमली, अध्यक्ष कोण? सत्ताधारी आघाडीचे आमदार,” ताई सांगत होती. “१३ सप्टेंबर २०२२ ला खंडपीठाने अख्खी समिती रद्द केली. कारभार प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या तदर्थ समितीकडे दिला. म्हणजे बघा, गावकऱ्यांवर विश्वास नाही म्हणून सरकार, सरकारवर विश्वास नाही म्हणून न्यायाधीश. जिल्ह्यातले कज्जे सोडून न्यायाधीशांनी लाडवांच्या तुपाचं टेंडर बघायचं. आता याच्या वर कोण?”

“वर बाबा आहेत,” मामी म्हणाल्या. वादात त्यांचं तेवढंच एक वाक्य, पण सगळे हसले.

फक्त मामा हसले नाहीत. शिर्डीबद्दल त्यांना अभिमान आहे आणि त्याला कारणही आहे. “समितीत कोण बसतं ते सोड. पैसा कुठं गेला ते बघ. दवाखाना बघ, प्रसादालय बघ. निळवंड्याचे कालवे पैशाअभावी रखडले होते. तेव्हा २०१८ ला संस्थानाने ५०० कोटींचं बिनव्याजी कर्ज द्यायचं ठरवलं. धरण होऊनही अकोले, संगमनेर, राहात्याच्या माणसाने पाण्याची किती वाट पाहिली, ते मी टंचाईच्या बैठकांत ऐकलंय. त्या पाण्याला कसला आलाय धर्म? देवाचा पैसा शेताला गेला, यापेक्षा चांगली धर्मनिरपेक्षता तू कुठून आणणार?”

मला वाटलं, ताई आता नरमेल. आमचं आजोळही त्याच लाभक्षेत्रात येतं.

“अण्णा, कालवा काढणं हे कुणाचं काम? राज्याचं. त्यासाठी आपण कर देतो. चेन्नईहून आलेल्या बाईने मुलगा बरा झाला म्हणून दानपेटीत पाचशे रुपये टाकले, ते जलसंपदा खात्याला टाकले का? राज्यघटनेचं २७ वं कलम सांगतं, एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कुणाला कर भरायला लावता येणार नाही. म्हणजे सरकारी तिजोरीतून देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर पाटी लावली. पण देवळाच्या पेटीतून सरकारच्या कामाकडे जाणाऱ्या वाटेवर तशी ठळक पाटी कुणी लावली नाही. सर्वोच्च न्यायालयाने थोडी लावली, १९५४ मध्ये, आपल्याच मुंबई राज्याच्या खटल्यात. रतिलाल गांधींचा खटला. धार्मिक ट्रस्टचा पैसा देणाऱ्याच्या हेतूबाहेर वळवायची मुभा सरकारी यंत्रणेला देता येणार नाही, असं सांगून कायद्यातला तेवढा भाग उडवला. आपल्याकडे ते कुणी वाचत नाही, कारण सगळ्यांनाच कालवा हवा असतो. मलाही हवाय.”

शेवटचं वाक्य तिने हळू म्हटलं, पण म्हटलं.

मग मामांनी त्यांचं ठेवणीतलं अस्त्र काढलं, पंढरपूर. आषाढीला मुख्यमंत्री विठ्ठलाची शासकीय पूजा करतात. निधर्मी राज्याच्या प्रमुखाने अशी पूजा करावी का, असा आक्षेप सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला समाजवाद्यांनी घेतला, एक वर्ष पूजा झाली नाही, आणि बाहत्तरचा दुष्काळ पडला, असं वारीत आजही सांगतात. पुढे पूजा परत सुरू झाली.

“अण्णा, पाऊस त्यामुळे गेला?”

“मी असं म्हणालो का? मी खडी फोडायच्या कामावरची हजेरी पाहिलीय, मला दुष्काळ कशाने पडतो ते शिकवू नकोस. मी एवढंच म्हणतो, की लोकांनी त्या दोन गोष्टी जोडल्या. राज्य करणाऱ्याला लोकांच्या मनातली ही जोडणी ठाऊक पाहिजे. मुख्यमंत्री विठ्ठलापुढे वाकतो तेव्हा शेतकऱ्याला वाटतं, हा आपल्यातला आहे. फ्रान्समध्ये १९०५ ला कायदा करून चर्च आणि सरकारची फारकत केली. त्यांचं भांडण पाद्र्यांशी होतं, त्यांना ते लागत असेल. आपल्याकडं पोप कुठंय? माझा विठोबा तर खंडीभर बडव्यांच्या तावडीतून सरकारनेच सोडवला. १९७३ चा कायदा. बडवे-उत्पात कोर्टात गेले, आणि २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. सरकार लांब राहिलं असतं तर आजही गाभाऱ्यात लिलाव चालला असता.”

“आणि २०१८ ला मराठा आंदोलकांनी मुख्यमंत्र्यांना पंढरपुरात येऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तेव्हा त्यांनी पूजा घरी केली. विठ्ठलाच्या दारात राज्याचं राजकारण येऊन बसलं. तुम्ही वारकरी आहात, तुम्हाला नाही टोचलं?”

“टोचलं,” मामा म्हणाले.

इथे मी मध्ये पडलो. मला वाटत होतं, की फारकतीची गोष्ट आपण उगाच फ्रान्सपासून सुरू करतो. नगर शहराने राजधर्माची चव शंभर वर्षांत तीनदा घेतली आहे. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली तेव्हा ती सुन्नी होती. त्याच्या मुलाने, बुऱ्हाण निजामशहाने, १५३७ च्या सुमारास शिया पंथ हा राज्याचा पंथ केला. त्याचा लाडका मुलगा अब्दुल कादिर तापाने फणफणत होता, इराणहून आलेल्या शाह ताहिरने बारा इमामांना नवस बोलायला सांगितलं, पोरगा वाचला आणि बापाने नवस फेडला. नवस त्याच्या घरातला होता, फेड मात्र अख्ख्या राज्याच्या खुत्ब्यातून, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनातून, झाली. पहिल्या तीन खलिफांची नावं वगळली गेली. शहर पेटलं. चिडलेला जमाव किल्ल्यावर चालून आला. म्हणजे राजाचा धर्म लादला गेल्याचा पहिला चटका राजाच्याच धर्माच्या माणसांना बसला, मशिदीत रोज जाणाऱ्या सुन्नी माणसाला. बाकीच्या रयतेला काय? तोच पाटील, तोच कुलकर्णी, तोच सारा. पुढे १५८९ मध्ये जमालखान नावाच्या सरदाराने इस्माईल या पोरवयाच्या सुलतानाला गादीवर बसवलं आणि महदवी पंथ राज्याचा केला. फिरिश्ता हा इतिहासकार तोवर नगरच्याच दरबारी होता. त्याच साली तो विजापूरला निघून गेला. दोन वर्षांनी रोहिणखेडच्या लढाईत जमालखान पडला आणि राज्य पुन्हा शिया झालं. एका माणसाच्या हयातीत मशिदीतलं प्रवचन दोनदा फिरलं.

“ते सुलतान होते रे,” मामा म्हणाले. “एकाच्या लहरीवर कारभार. आपल्याकडं मतदान आहे.”

“मतदानाने खुत्बा बदलत नाही असं कोण म्हणतं?” ताईने मुद्दा झेलला. “मढीला काय झालं? हात वर करूनच झालं ना?”

मढी हे पाथर्डी तालुक्यातलं कानिफनाथांचं ठाणं. मुसलमान त्याला शहा रमजान माही सवार यांचा दर्गा म्हणतात. हा वाद जुना आहे आणि कोर्टकचेऱ्या पाहून झाला आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा चालते, गोपाळ समाजाच्या मानाची होळी पेटते, गाढवांचा बाजार भरतो, रेवड्यांचे ढीग लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. गटविकास अधिकाऱ्यांनी तो ठराव अवैध ठरवला.

मामा या विषयावर एकदम सरकारी भाषेत बोलू लागले. त्यांचा राग असाच बाहेर येतो. “ग्रामसभा म्हणजे काय गावची बैठक वाटली यांना? ती १९५८ च्या कायद्याने आलेली संस्था आहे. मी यात्रेच्या बंदोबस्ताला मढीत राहिलोय. पहाटे चारला ग्रामपंचायतीचा माणूस पावतीपुस्तक घेऊन फिरतो. दहा फुटांची जागा, अमुक दिवस, अमुक रुपये. नाव लिहितो, गाव लिहितो. धर्माचा रकाना त्या पावतीवर नाही. बांगड्यावाला कोण, पाळणेवाला कोण, कढईवाला कोण, सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी विचारत नाही. देवाला नैवेद्य कुणी दाखवायचा ते नाथांच्या भक्तांनी ठरवावं. ग्रामपंचायतीला तो अधिकार नाही आणि धर्म बघून दुकान नाकारायचाही नाही.”

“म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडताय.”

“अजिबात नाही. तो ठराव रद्द कुणी केला? गटविकास अधिकाऱ्याने. सरकारनेच. आणि शिंगणापूरचा चौथरा बायकांना कुणी मोकळा केला?”

ताई याची वाटच पाहत असावी. तो एप्रिल महिना तिला पाठ आहे. १ एप्रिल २०१६ ला विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने सरकारला १९५६ च्या मंदिर प्रवेश कायद्याची आठवण करून दिली. जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे स्त्रीलाही अडवता येणार नाही. देवस्थानाने त्यावर तोडगा काढला: पुरुषांनाही बंदी! समतेचा इतका आळशी अर्थ मी दुसरीकडे पाहिला नाही. आठवड्याभरात गुढीपाडवा आला. प्रवरासंगमाहून गोदेचं पाणी घेऊन आलेले कावडीवाले पुरुष बंदी झुगारून चौथऱ्यावर चढले, आणि त्याच दिवशी, ८ एप्रिलला, देवस्थानाला चौथरा सगळ्यांना खुला करावा लागला. तेव्हा विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदी बाईच होती, हे जाता जाता.

“तिथं सरकारने काय केलं ते नीट बघा,” ताई म्हणाली. “चौथरा ताब्यात घेतला नाही. पूजा ठरवली नाही. समिती नेमली नाही. एवढंच सांगितलं, की या राज्याची नागरिक असलेली बाई दारात उभी आहे, तिला अडवाल तर गुन्हा आहे. मढीतही तेच. अण्णा, माझं भांडण सरकारने कायदा दाखवण्याशी नाही, किल्ली मागण्याशी आहे.”

“आणि चोरी झाली की?”

“चोराला धरा. घराचा मालक होऊ नका.”

मामांना हे पूर्ण पटलं नाही. ते म्हणाले, रस्ते, मुताऱ्या, दवाखाने, चेंगराचेंगरी, हे सगळं सरकारच्या गळ्यात. मग दानपेटीजवळ गेलं की सोवळं का? मे महिन्यात चौंडीला मंत्रिमंडळाची बैठक झाली. अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून त्यांच्याच गावात. तीर्थक्षेत्रांच्या साडेपाच हजार कोटींच्या आराखड्यांना तिथं मंजुरी मिळाली. मामांना ते योग्य वाटतं. “भाविकाला मुतारी द्यायची नाही का?”

“मुतारी द्या, उरुसालाही द्या, माउंट मेरीच्या जत्रेलाही द्या. हजचं अनुदान २०१८ ला बंद झालं तेव्हा तुम्ही खूश होतात. मीही होते. म्हणून आता विचारते. आणि चौंडीचं नाव काढलंत म्हणून सांगते. अहिल्याबाईंनी काशीपासून गयेपर्यंत देवळं बांधली, घाट बांधले, ती कुठल्या पैशातून? खासगीतून. १७३४ ला गौतमाबाईंना जी खासगी जहागीर मिळाली, तिचं उत्पन्न वेगळं, हिशेब वेगळा. फौजेचा नि राज्याचा खर्च दौलतीतून. जी बाई स्वतःच्या देवासाठी राज्याच्या तिजोरीला हात लावत नव्हती, तिच्या गावात बसून आपण राज्याच्या तिजोरीतून देवस्थानांचे आराखडे मंजूर केले.”

मामा जरा वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “खासगीही शेवटी रयतेच्याच साऱ्यातून आली होती.” हे उत्तर चोख होतं. इतिहासाच्या पुस्तकांतही मला ते इतक्या थोडक्यात सापडलं नाही. पण दोन वह्या ठेवण्यातली अक्कल त्याने खोटी ठरत नाही, असं मला वाटतं.

ताईने शेवटचा विषय काढला तो देवळाचा नव्हता. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन १८३१ ला आलं, आणि पुढच्या शंभर वर्षांत नेवासे, शेवगाव, राहुरीच्या गावागावांतली महार-मांग कुटुंबं ख्रिस्ती झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा लाभ हिंदूंपुरता ठेवला. १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. त्यावर विचार करायला २०२२ ला आयोग नेमला.

“तुमच्याकडे जातीच्या दाखल्याच्या फायली यायच्या ना? त्यात धर्म विचारायचात?”

“विचारायला लागायचा. तलाठ्याचा जबाब, पंचांचा जबाब. रविवारी कुठं जातो, घरात फोटो कुणाचा, लग्न कुणी लावलं. एका पोराच्या आजोबांचं नाव येशूदास होतं. बाप गणपती बसवायचा. मी चौकशी लावली.”

“म्हणजे धर्म आणि सरकार वेगळं नको म्हणणाऱ्या माझ्या बापाने एका पोराच्या देवघरात डोकावून पाहिलं.”

“नियम होता, आणि अजून आहे. तू म्हणतेस तसं सरकारने धर्म विचारणं सोडलं, तर लाभ कशावरून द्यायचा? जातीवरून. आणि जात कुठून आली? धर्मातूनच ना? मग दार बंद करून बसलेलं तुझं सरकार त्या पोराला ओळखणार कसं?”

“घरावरून,” ताई म्हणाली. “आजोबा चर्चमध्ये गेले तेव्हा गावकुसाबाहेरचं घर आत आलं होतं का?”

“नाही आलं,” मामा म्हणाले. “स्थळपाहणी मीच केली होती.”